डॅशकॅमचा ठिपका आणि जागा मोजण्याचा हजार वर्षांचा इतिहास

सोलापूरहून अक्कलकोटला आणि पुढे अफजलपूरमार्गे गुलबर्ग्याला जाणाऱ्या रस्त्यावर वर्दळ कधी थांबत नाही. स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणारे, तिथून गाणगापूरला निघालेले, ख्वाजा बंदे नवाज यांच्या दर्ग्याला जाणारे, उसाच्या ट्रॉल्या, एसटी, भाड्याच्या गाड्या असे सगळे याच रस्त्यावर. यातल्या अनेक गाड्यांच्या काचेवर आता छोटा कॅमेरा दिसतो. त्याला डॅशकॅम म्हणतात. चित्रफितीच्या तळाला तारीख, वेळ, वेग आणि जागेचे अक्षांश-रेखांश उमटत राहतात. अपघात झाला की दोन्ही बाजू याच ओळीकडे बोट दाखवतात. एक म्हणतो, गाडी माझ्या बाजूला होती. दुसरा म्हणतो, आकडे बघा, तू माझ्या बाजूला होतास. नुकसानभरपाई, परवाना, कधी तुरुंगवास, इतके सगळे त्या ओळीवर टांगलेले असते. म्हणून ती ओळ नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे गरजेचे आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अक्कलकोट ढोबळमानाने १७.५ अंश उत्तर अक्षांश आणि ७६.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. डॅशकॅम मात्र दशांशचिन्हानंतर सहा आकडे छापतो. सहाव्या आकड्याची किंमत आपल्या भागात जमिनीवर साधारण ११ सेंटिमीटर भरते, म्हणजे वीतभरही नाही. कॅमेऱ्याला आपली जागा वीतभर अंतरापर्यंत कळली, असा समज त्यातून होतो. तो चुकीचा आहे. यंत्राने आकडा छापला म्हणजे तो यंत्राला ठाऊक आहे, असे होत नाही. हा फरक ओळखणारी माणसे हजार वर्षांपूर्वीही होती.

नवव्या शतकात बगदादचा खलिफा मामून याने सिंजारच्या मैदानात खगोलशास्त्रज्ञ पाठवले. ध्रुवताऱ्याची उंची एका अंशाने बदलेपर्यंत सरळ उत्तर-दक्षिण चालायचे आणि ते अंतर मोजायचे, असे ते काम होते. पृथ्वीचा घेर काढण्याची ही रीत ग्रीकांना ठाऊक होती. मामूनच्या माणसांनी ती मैदानात उतरून पुन्हा तपासली. त्यामागे कुतूहल होते, तशी गरजही होती. मशीद कुठेही बांधा, तिची दिशा मक्केकडे हवी. ती ठरवायची तर आपले गाव आणि मक्का या दोन्हींचे अक्षांश-रेखांश माहीत हवेत.

अक्षांश काढणे सोपे. रात्री ध्रुवतारा किंवा दुपारी सूर्य मोजला की झाले. अडचण रेखांशाची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून दोन गावांच्या स्थानिक वेळेतला फरक कळला तर रेखांशाचा फरक कळतो. पण दोन दूरच्या गावांतली घड्याळे एकाच क्षणाला जुळवायची कशी? इ.स. ९९७ मध्ये तरुण अल्‌ बिरुनी याने ख्वारझममधल्या काथ इथून आणि अबुल वफा याने बगदादहून एकच चंद्रग्रहण पाहिले. ग्रहण दोघांना एकाच क्षणी दिसते. त्या क्षणाची दोन ठिकाणची स्थानिक वेळ ताडून त्यांनी रेखांशातला फरक काढला. आकाशातली एक घटना त्यांनी सामाईक घड्याळ म्हणून वापरली. आजचा उपग्रह मूळ तत्त्वात याहून वेगळे काही करत नाही.

याच अल्‌ बिरुनीने पुढे पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकते ते मोजले आणि पृथ्वीची त्रिज्या काढली. त्याचे उत्तर आजच्या आकड्याच्या अगदी जवळ जाते, असे अभिमानाने सांगितले जाते. पण त्याचा ‘हात’ नेमका किती लांबीचा होता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि हवेत प्रकाश वाकतो त्याचाही हिशेब त्यात नाही. आपल्या वारशाचा गौरव करताना किलोमीटर-मीटरपर्यंतचे आकडे मिरवू नयेत, ते याचसाठी. बिरुनीचे खरे मोठेपण दुसरीकडे आहे. शहरांची स्थाने ठरवण्यावर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गझनीचा किब्ला काढताना एकाच मोजणीवर तो विसंबला नाही. वेगवेगळ्या मार्गांनी उत्तर काढून ती एकमेकांशी ताडून पाहिली.

अक्कलकोटपुरते बोलायचे तर आजच्या गणिताने इथला किब्ला थेट पश्चिमेला नसून पश्चिमेपासून सुमारे साडेबारा अंश उत्तरेकडे झुकतो. जागेत पाच मीटरची, फार काय पाच किलोमीटरचीही चूक झाली तरी या दिशेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. अचूकता किती हवी हे कामावर ठरते. नमाजाला जी पुरते, ती अपघाताच्या दाव्याला पुरेलच असे नाही.

दुसरा टप्पा आपल्या दख्खनच्या मातीतला आहे. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजायला घेतली. साडेसात मैलांच्या त्या रेषेला ५७ दिवस लागले. त्या एका रेषेवरून त्रिकोणांची साखळी कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली. चुका साठत जाऊ नयेत म्हणून मध्येच नव्या पायारेषा मोजून पडताळणी करत. अशी एक रेषा १८१५ मध्ये बिदरजवळ दामरगिद्दा इथे मोजली गेली. अक्कलकोटहून बिदर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास. लॅम्बटन पुढे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

या सर्वेक्षणाच्या कथेत लॅम्बटन आणि जॉर्ज एव्हरेस्ट ही दोन नावे सर्वांना ठाऊक असतात. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीमुळे गणिती राधानाथ सिकदार यांचेही नाव अलीकडे घेतले जाते. सय्यद मीर मोहसीन हुसेन यांचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही. ते मूळचे अर्काटचे. मद्रासमध्ये दागिने आणि घड्याळ दुरुस्तीचे काम करणारा हा कारागीर सर्वेक्षण खात्यात आला. कोन मोजणाऱ्या थिओडोलाइट यंत्राचे वजन अर्ध्या टनाच्या घरात होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले होते. अशा यंत्रांच्या वर्तुळावरच्या बारीक रेघा चुकल्या तर त्या कोनांवर उभा राहणारा प्रत्येक त्रिकोण चुकणार. युरोपीय यंत्रकार हेन्री बॅरो गेल्यावर हे काम मीर मोहसीन यांच्याकडे आले आणि पुढे सरकारी यंत्रकाराच्या पदावर त्यांची नेमणूक झाली. एव्हरेस्टसारख्या तापट माणसानेही त्यांच्या हाताची तारीफ केली. हिंदुस्थानचा नकाशा ज्या कोनांवर उभा आहे, त्यात या माणसाच्या बोटांचाही वाटा आहे.

या मोजणीचा परिणाम आजही उरला आहे. एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला, त्याची विषुववृत्तीय त्रिज्या आज उपग्रह वापरतात त्या आकारापेक्षा साधारण ८६० मीटरने कमी आहे. शिवाय भारतीय नकाशांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला धरलेला होता. त्यामुळे जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे उपग्रहाच्या यंत्रात भरले तर आपल्या भागात ठिपका शंभर मीटरहून जास्त सरकतो. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबरच, पण त्यांची चौकट वेगळी आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे उपग्रहांच्या चौकटीत येऊ लागले.

तिसरा टप्पा आकाशातला. अमेरिकी सैन्याने १९७३ मध्ये जीपीएसची आखणी केली आणि १९७८ मध्ये पहिला उपग्रह सोडला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले. २६९ जण मेले. त्यानंतर ही यंत्रणा नागरिकांनाही खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. पण नागरिकांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जात असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. मे २००० च्या सुरुवातीला ही भेसळ बंद झाली आणि एका रात्रीत जगभरची यंत्रे कितीतरी पट अचूक झाली. आपण कुठे आहोत हे सांगणारी यंत्रणा परक्याच्या मर्जीवर असते, हा धडा भारताने घेतला. १ जुलै २०१३ ते २८ एप्रिल २०१६ या काळात इस्रोने सात उपग्रह सोडून ‘नाविक’ उभी केली. त्यातल्या काही उपग्रहांची परदेशी अणुघड्याळे बंद पडली. मग २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात स्वदेशी अणुघड्याळ बसवले गेले.

घड्याळाला इतके महत्त्व का? जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ‘आत्ता इतके वाजले’ असे सांगतो. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघते. चार उपग्रह मिळाले की जागा निघते. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणजे घड्याळ तेवढे चुकले की अंतर तेवढे चुकले. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे उपग्रहावरचे घड्याळ दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावते. ते दुरुस्त केले नाही तर दिवसाला दहा-अकरा किलोमीटरची चूक साठेल. काथ आणि बगदादमध्ये जो प्रश्न होता, तोच इथे आहे. दोन ठिकाणचा एकच क्षण ओळखायचा कसा?

आता डॅशकॅमकडे येऊ. मोकळ्या आकाशाखाली मोबाईलचा जीपीएस साधारण ४.९ मीटर त्रिज्येच्या आत जागा सांगतो, अशी माहिती अमेरिकी सरकारच देते. डॅशकॅममधली चिप याच जातीची असते. रस्त्याची एक मार्गिका साडेतीन मीटर रुंद. म्हणजे गाडी डाव्या मार्गिकेत होती की उजव्या, हे केवळ अक्षांश-रेखांशावरून सांगता येत नाही. उंच इमारती, झाडी, काचेवरचा धातूमिश्रित थर आणि वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातला विलंब यांनी चूक आणखी वाढते. हा शेवटचा त्रास भारतासारख्या विषुववृत्ताजवळच्या देशांना जास्त होतो. बरेच कॅमेरे सेकंदाला एकदाच नोंद घेतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २० मीटर पुढे जाते. आदळण्याच्या क्षणी छापलेली जागा त्यामुळे मागची असू शकते.

वेगाचा आकडा मात्र जागेपेक्षा जास्त विश्वासाचा असतो. तो सहसा दोन ठिपक्यांतल्या अंतरावरून काढत नाहीत, उपग्रहाच्या लहरींत पडणाऱ्या फरकावरून काढतात. गाडी एकसारख्या वेगाने चालली असेल तर तो चांगला जुळतो. करकचून ब्रेक लागल्यावर तो क्षणभर मागे राहतो. सगळ्यांत पक्की असते ती वेळ, मात्र ती उपग्रहावरून घेतलेली हवी, हाताने लावलेली नको.

आणखी एक गैरसमज आहे. मोबाईलच्या नकाशावर आपली गाडी नेहमी रस्त्यावरच दिसते, आणि डॅशकॅमचा ठिपका कधी कधी शेजारच्या तुरीच्या शेतात पडतो. लोकांना वाटते कॅमेरा बिघडला. खरे तर नकाशाचे सॉफ्टवेअर ठिपका ओढून रस्त्यावर आणून ठेवते. कॅमेरा मिळालेला आकडा तसाच छापतो. पुरावा म्हणून शेतातला ठिपका जास्त प्रामाणिक आहे.

अपघातानंतर पोलीस घटनास्थळाचा पंचनामा करतात. किलोमीटरच्या दगडापासून, पुलाच्या कठड्यापासून, बाभळीच्या झाडापासून अंतर टेपने मोजतात. काही सेंटिमीटरचा फरक सांगण्याची ताकद या जुन्या रीतीत आहे. उपग्रह जगाच्या पाठीवर कुठेही पाच मीटरपर्यंत जागा सांगेल, पण गाडीचे चाक पांढऱ्या रेषेच्या कुठल्या बाजूला होते हे टेप आणि चित्रफितीतले दृश्यच सांगेल. बिरुनीप्रमाणे दोन्ही ताडून पाहायला हवे.

चित्रफीत न्यायालयात टिकवायची तर तिची मूळ प्रत जपायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. व्हॉट्सॲपवर पाठवलेली, कापलेली फीत तिथे कमकुवत ठरते. कार्ड भरले की कॅमेरा जुन्या नोंदी पुसतो, म्हणून कार्ड आधी बाजूला काढावे.

सीमेवरच्या तालुक्याला आणखी एक भीती असते. अपघात महाराष्ट्रात झाला की कर्नाटकात, यावरून जखमीच्या नातेवाइकांची फरफट होण्याची. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा प्रश्न न करता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे भरपाईचा दावा अपघात झाला तिथे किंवा दावेदार राहतो तिथेही करता येतो. अक्कलकोटच्या माणसाला आळंद किंवा अफजलपूरच्या वाटेवर अपघात झाला तरी सोलापूरला दावा लावायची मुभा आहे. सीमेपासून शंभर मीटर अलीकडे की पलीकडे, हा वाद त्याच्या हक्काच्या आड यायला नको.

गझनीपासून दामरगिद्द्यापर्यंत जागा मोजणाऱ्यांनी आपली चूक किती असू शकेल हेही तपासले. डॅशकॅमचा पडदा तेवढेच दाखवत नाही. सहा आकड्यांसमोर ‘पाच मीटर इकडे-तिकडे’ असे तो कधी लिहीत नाही. ते पंचनामा करणाऱ्या हवालदाराने, वकिलाने, विमा कंपनीच्या माणसाने आणि न्यायाधीशाने मनात धरायचे आहे. नाहीतर वीतभर अचूकतेच्या भ्रमात एखादा निर्दोष चालक दोषी ठरेल, किंवा एखाद्या घरचा कमावता माणूस गेल्यावर त्या घराला हक्काचे पैसे मिळणार नाहीत.