अर्धा दिवस काम, पूर्ण पगार

आमच्या घरी नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर होता. मामाने मस्कतहून आणलेला. बाबा सोडून कोणी त्याला हात लावायचा नाही असा कायदा होता. ही कंपनी काढणारा माणूस कोण होता हे कळायला मात्र मला वयाची तिशी उजाडली, आणि निमित्त झालं एका कॉफीच्या मगाचं.

2009 चा फेब्रुवारी. मी तेव्हा जिथे होतो तिथे मोठ्ठा टाउनहॉल झाला. 'आपण सगळे एका ध्येयासाठी' वगैरे. स्लाइड्स, टाळ्या, सामोसे, आणि प्रत्येकाला ध्येयवाक्य छापलेला मग. बरोब्बर तीन आठवड्यांनी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, तुझ्या टीममधली दोन नावं दे, शुक्रवारपर्यंत. मी दिली. नाही म्हणता आलं असतं का, कोणास ठाऊक. मी म्हटलं नाही, एवढं खरं.

त्या शनिवारी डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून काहीतरी वाचत बसलो, आणि त्यात कोनोसुके मात्सुशिता भेटले.

जन्म 1894 चा. वडिलांनी तांदळाच्या सट्ट्यात सगळं घालवलेलं, त्यामुळे नवव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं ओसाकात शेगड्यांच्या दुकानात कामाला लागलं. मग सायकलचं दुकान, मग वीज कंपनी. 1918 मध्ये बायको मुमेनो आणि मेहुणा तोशिओ इउए यांना घेऊन घरातच प्लग-सॉकेट बनवायला सुरुवात केली. कंपनीत माणसं तीन, त्यामुळे 'टीम अलाइनमेंट'चा प्रश्नच नव्हता :)

पुढे सायकलचे दिवे खपले, कंपनी वाढली. मार्च 1929 मध्ये मात्सुशितांनी कंपनीचं उद्दिष्ट म्हणून चार ओळी लिहून काढल्या. नफा आणि समाजाचं हित यांचा मेळ घालायचा, असा त्यांचा आशय. म्हणजे बघा, आमच्या मगावर होतं साधारण तेच!

आणि त्याच वर्षाच्या शेवटी मंदी आली. जपानमध्ये सरकारने आधीच पैसा आवळलेला, त्यात वॉल स्ट्रीट कोसळलं. माल गोदामात साचायला लागला. मात्सुशिता आजारी, अंथरुणाला खिळलेले. (ते जन्मभर तब्येतीने नाजूकच होते.) इउए आणि दुसरा एक वरिष्ठ सहकारी त्यांच्याकडे गेले, म्हणाले, निम्मी माणसं कमी करावी लागतील. दुसरा मार्ग दिसत नाही.

इउएच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहिलं. तोही यादीच घेऊन गेला होता की.

मात्सुशितांनी सांगितलं, उत्पादन आजपासून निम्मं करा, पण एकाही माणसाला काढू नका. कारखाना अर्धा दिवस चालवा, पगार पूर्ण द्या. मात्र सुट्टी कोणी घ्यायची नाही, सगळ्यांनी मिळून साचलेला माल विकायचा. सुमारे दोन महिन्यांत गोदाम रिकामं झालं आणि कारखाना पुन्हा पूर्ण वेळ चालू झाला.

यात निव्वळ दयाळूपणा होता असं मला वाटत नाही. मंदी संपल्यावर शिकवून तयार केलेली माणसं परत कुठून आणणार, हा रोकडा हिशोबही असणारच. त्याने काही बिघडत नाही.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत मात्र गोष्ट सुरू होते ती 1932 पासून. त्या वर्षी एका ओळखीच्या माणसाने त्यांना तेनरी नावाच्या पंथाचं केंद्र दाखवायला नेलं. तिथल्या लाकूड कापायच्या कारखान्यात लोक फुकट राबत होते, आणि तेही हसतमुखाने. हे आपल्याकडे का होत नाही, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घुसला. मग 5 मे 1932 ला ओसाकाच्या एका सभागृहात 168 कर्मचाऱ्यांपुढे त्यांनी भाषण केलं. रस्त्यावरच्या नळाचं पाणी कोणी वाटसरू प्यायला तर त्याला कोणी चोर म्हणत नाही, कारण पाणी मुबलक आहे. आपण वस्तू तशा मुबलक आणि स्वस्त करायच्या, म्हणजे गरिबी हटेल. आणि यासाठी मुदत किती? 250 वर्षं! पंचवीस-पंचवीस वर्षांचे दहा टप्पे. आमच्याकडे तीन महिन्यांचा प्लॅन टिकत नाही.

सांगतात की भाषण संपल्यावर लोक बोलायला व्यासपीठाकडे धावले. मला वाटतं, त्या सभागृहात बसलेल्या कित्येकांनी 1929 चा डिसेंबर पाहिला होता. समोरचा माणूस वेळ आल्यावर काय करतो हे त्यांना आधीच ठाऊक होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या त्या सामोशांच्या वासावर.

1933 मध्ये त्यांनी कंपनीचे उत्पादनाप्रमाणे विभाग पाडले, रेडिओचा वेगळा, दिवे-बॅटऱ्यांचा वेगळा. ज्याने त्याने आपला कारखाना, आपली विक्री आणि आपला नफा-तोटा सांभाळायचा. तब्येतीमुळे सगळीकडे लक्ष देणं त्यांना शक्यच नव्हतं, तेव्हा ध्येय एक आणि कारभार ज्याचा त्याचा. हे मला मनापासून पटतं. रोज सकाळी कंपनीची तत्त्वं एकसुरात म्हणायची प्रथा मात्र नाही पटत, शाळेतली प्रार्थना आठवते. आणि त्याच शिस्तीतून पुढे युद्धात लष्करासाठी लाकडी जहाजं नि विमानंही बनली. नळाच्या पाण्याशी त्याचा काय संबंध?

त्याची किंमत युद्धानंतर मोजावी लागली. अमेरिकन प्रशासनाने बड्या उद्योगपतींना पदावरून दूर करायचं ठरवलं, त्यात मात्सुशितांचंही नाव होतं. 1946 चा तो काळ, जपानभर नवीन कामगार संघटना मालकांविरुद्ध उभ्या राहत होत्या. यांच्या संघटनेने मात्र हजारो सह्यांचा अर्ज केला की आमच्या मालकाला राहू द्या. 1947 मध्ये बंदी उठली.

पण हेही सांगायला हवं की 1950 मध्ये याच मात्सुशितांनी पाचशेच्या वर माणसं काढली. आणि 2001 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा सुमारे तेरा हजार लोक बाहेर पडले.

इउएने पुढे 1947 मध्ये वेगळं होऊन स्वतःची कंपनी काढली, सान्यो. तीही पॅनासॉनिकने ताब्यात घेतली, 2009 मध्येच. असो.

मग अजून आहे माझ्याकडे. पेनं ठेवतो त्यात. त्या दोघांपैकी एकाशी नंतर बोलणं झालं, दुसऱ्याला फोन करायचा राहूनच गेलाय.