कळलावी घरात आणावी का?

श्रोतेहो, श्रावण-भाद्रपदात बुलढाण्याच्या घाटात किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी झुडपी रानात हिंडलात, तर एक वेल चटकन डोळ्यांत भरते. तिच्या पानांची टोके कुरळी होऊन शेजारच्या झुडपाला धरतात. फुलाच्या सहा पाकळ्या नागमोडी, वर वळलेल्या. आधी हिरवट-पिवळ्या, मग पिवळ्या-तांबड्या आणि शेवटी लालभडक. हीच कळलावी.

फूल एवढं देखणं, पण घरात आणलं की भांडण लागतं, असा समज आहे. नावातच त्याचं मूळ दिसतं. कळ म्हणजे भांडण, तशी कळ म्हणजे बाळंतवेणाही. संस्कृतात हिला कलिकारी, म्हणजे कलह लावणारी, असं नाव आहे. गर्भपातिनी असंही आहे. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला हिच्या कंदाचा लेप लावीत. नांगराच्या आकाराच्या या कंदावरूनच ती लांगली. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली. तेव्हा भिण्यासारखं आहे ते विष. भांडणाचा दोष फुलावर उगाच आला.

कोकणात पाहा. तिथे याच फुलाला 'गौरीचे हात' म्हणतात आणि भाद्रपदात गौरीपुढे मानाने ठेवतात. परदेशातही हिचं कौतुक झालं. लिनियसने 1753 साली हिला जे शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थच वैभवशाली आणि दिमाखदार. 1947 मध्ये दक्षिण ऱ्होडेशियातील शाळकरी मुलांनी वर्गणी काढून राजकन्या एलिझाबेथला याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा अलंकार दिला. तो देश म्हणजे आजचा झिंबाब्वे. तिथलं हे राष्ट्रीय फूल आहे. आपल्याकडे तामिळनाडूचं ते राज्यफूल.

मग आपण काय करावं? दोन फुलं देठासह कापून तांब्यात ठेवा. रंग कसा पालटतो ते घरबसल्या दिसेल. मात्र फुलदाणी लेकरांच्या आणि गुरांच्या तोंडापासून दूर ठेवा, हात धुवा. कंद रताळ्यासारखा दिसला तरी तोंडात घालू नका; त्यातल्या कोल्चिसीनने माणूस दगावतो. घरगुती औषध म्हणूनही तो वापरू नका. वातरक्तावर डॉक्टर तेच द्रव्य देतात, पण अगदी मोजून.

आणि गुरुजी, मुलांना एवढं जरूर सांगा : फूल खुडा, कंद उपटू नका. कंद जमिनीत राहिला, तरच पुढच्या पावसाळ्यात वेल पुन्हा वर येईल.