विलंबित पश्चात्ताप : जॉन न्यूटनचे कबुलीलेखन

लूकच्या शुभवर्तमानात पापक्षमेच्या दोन कथा थोड्याच अंतराने येतात. एकोणिसाव्या अध्यायातील जकातदार जक्कय निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. तेविसाव्या अध्यायात येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला अपराधी केवळ आपला दोष मान्य करतो. परतफेडीसाठी त्याच्याजवळ आयुष्यच उरलेले नाही. तरीही त्याला क्षमा मिळते. पहिल्या कथेत ज्याची हानी झाली तो माणूस हिशेबात धरलेला आहे. दुसऱ्या कथेत पापी आणि प्रभू एवढे दोघेच आहेत. मराठीत 'पश्चात्ताप' हा मनाचा दाह, तर 'प्रायश्चित्त' ही कृती, असा जो भेद आहे, त्याच्या आधारे या दोन कथांमधील अंतर नेमके मांडता येते. ख्रिस्ती आत्मकथनाच्या परंपरेवर दुसऱ्या कथेची छाया अधिक गडद आहे. अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक जॉन न्यूटन (१७२५–१८०७) याचे लेखन या दोन कथांमधला प्रवास दाखवते आणि त्या प्रवासाला किती काळ लागला हेही दाखवते.

न्यूटन तरुणपणीच खलाशी झाला. सक्तीने आरमारात भरती, तेथून पलायन, फटक्यांची शिक्षा, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील हलाखी आणि उघड ईश्वरनिंदा असे त्याचे आरंभीचे आयुष्य होते. मार्च १७४८ मध्ये 'ग्रेहाउंड' हे जहाज वादळात सापडले. त्या रात्री त्याने देवाची करुणा भाकली आणि पुढे आयुष्यभर तो दिवस आपल्या परिवर्तनाचा दिवस मानला. परंतु गुलामांच्या व्यापारातील त्याची खरी उन्नती या परिवर्तनानंतरची आहे. १७५० ते १७५४ या काळात त्याने कप्तान म्हणून गुलामवाहू जहाजांच्या तीन सफरी केल्या. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो सदसद्विवेकाच्या टोचणीमुळे नव्हे, तर अचानक आलेल्या आजारपणामुळे.

१७६४ मध्ये ओल्नी येथे धर्मोपदेशकपद स्वीकारले, त्याच वर्षी 'अ‍ॅन ऑथेंटिक नॅरेटिव्ह' हे त्याचे पत्ररूप आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यात स्वैराचार, नास्तिकता आणि निंदा यांची मोकळी कबुली आहे. गुलामांच्या व्यापाराविषयी मात्र, त्या काळी आपल्याला त्यात काही गैर वाटले नाही, इतकेच तो सांगतो. पापांची यादी लांब आहे, पण ज्या पापाला हजारो बळी होते ते तीत पाप म्हणून नोंदलेले नाही. 'अमेझिंग ग्रेस' या स्तोत्राबाबतही हे लक्षात ठेवावे लागते. ते १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी रचले गेले आणि १७७९ च्या 'ओल्नी हिम्स' या संग्रहात छापले गेले. पहिल्या इतिहासग्रंथाच्या सतराव्या अध्यायातील दाविदाच्या कृतज्ञ प्रार्थनेशी ते जोडलेले आहे. गुलामगिरीचा त्याग करणाऱ्याचे गीत ही त्याची लोकप्रिय ओळख उत्तरकाळाने घडवलेली आहे.

वादळानंतर चाळीस वर्षांनी, १७८८ मध्ये, 'थॉट्स अपॉन द आफ्रिकन स्लेव्ह ट्रेड' ही पुस्तिका आली. आपली कबुली फार उशिरा येत आहे, हे न्यूटन तेथे स्वतःच मान्य करतो. भाषेचा पोतही बदललेला दिसतो. आत्म्याच्या अवस्थांऐवजी जहाजाच्या तळघराची मोजमापे, बेड्या आणि स्त्रियांवरील अत्याचार यांची साक्ष येते. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलपुढे आणि १७९० मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने जबानी दिली. गुलामांना परत देण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हते. आपण स्वतः जे पाहिले ते सांगणे, एवढीच त्याच्या हातातली परतफेड होती.

तीही अपुरी होती. अंगठे आवळणाऱ्या लोखंडी पेचाच्या यातना आपण पाहिल्या, असे पुस्तिकेत म्हटले आहे. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जहाजी रोजनिशीत मात्र डिसेंबर १७५२ ची एक नोंद आहे. बंडाच्या कटाची माहिती पूर्णपणे काढून घेण्यासाठी त्याने स्वतःच काही मुलांना बेड्या घालून तो पेच लावला होता. जो पुढे कबुलीसाठी प्रसिद्ध झाला, त्याने एकेकाळी यातनांच्या बळावर इतरांकडून कबुली घेतली होती. आणि छापील कबुलीत 'केले' या क्रियापदाची जागा 'पाहिले'ने घेतली.

या उणिवेची भरपाई इतरांच्या लेखनात शोधावी लागते. न्यूटनच्या पुस्तिकेच्या एक वर्ष आधी, १७८७ मध्ये, गुलामीतून सुटलेल्या ओटोबाह कुगोआनो याने ब्रिटनने या अपराधासाठी शोकाचे व उपवासाचे दिवस पाळावेत, असे सुचवले होते. पश्चात्ताप हे राष्ट्राचेही कर्तव्य आहे, हा विचार येथे बळींच्या बाजूने मांडला गेला. १७८९ मध्ये ओलाउदाह इक्वियानोने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यातही परिवर्तनकथेचाच साचा आहे, परंतु तेथे मुक्त होणाऱ्या आत्म्याला विकले गेलेले शरीरही आहे. न्यूटन आणि इक्वियानो यांची आत्मकथने शेजारी ठेवून वाचली, तर एकाच वाङ्मयप्रकारात कोण कोणाला उद्देशून बोलतो, हा प्रश्न टाळता येत नाही.

क्षमेचा अनुभव खोटा होता, असे यावरून ठरत नाही. कदाचित त्या अनुभवामुळेच न्यूटनला उतारवयात बचाव न मांडता बोलता आले. मात्र क्षमा मिळाल्याची खात्री आणि अपराधाची पूर्ण ओळख या एकाच क्षणी घडणाऱ्या गोष्टी नाहीत. त्याच्या बाबतीत त्यांच्यात चाळीस वर्षांचे अंतर पडले. मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेचा बंदीचा कायदा झाला आणि त्याच डिसेंबरमध्ये न्यूटनचा मृत्यू झाला. १७५२ च्या त्या मुलांची नावे रोजनिशीत नाहीत. त्यांची क्षमा मागितली गेली नाही, आणि त्यांच्या वतीने ती देण्याचा अधिकार कोणत्याही वाचकाला नाही.