पाटणचा बाजार आणि भास्कराचार्यांची समीकरणे

गणिताशी असलेला आपला संबंध बी. ए.ला प्रवेश घेतला त्या दिवशीच संपला, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. सरकारी नोकरीत बेरीज-वजाबाकी आणि महागाई भत्त्याची टक्केवारी जमली की भागते. पण जुन्या मराठी शिलालेखांविषयी वाचताना एका लेखापाशी थांबलो आणि तिथून भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’कडे वळावेच लागले. आपल्या पेडणे महालाचाही या गोष्टीशी संबंध आहे. तो पुढे येईल.

आधी त्या ग्रंथातले एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. दोन मित्र आहेत. पहिला म्हणतो, तू मला शंभर दिलेस तर माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, तू मला दहाच दे, माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. तर कोणाकडे किती?

शाळेत आपण क्ष आणि य धरून दोन समीकरणे मांडली असती. भास्कराचार्य इथे एकाच अव्यक्तावर काम भागवतात. शंभर देऊन झाल्यावर दुसऱ्याजवळ जे उरेल ते अव्यक्त धरायचे. म्हणजे मुळात त्याच्याजवळ अव्यक्त अधिक शंभर, आणि पहिल्याजवळ दोन अव्यक्त उणे शंभर. पहिली अट मांडणीतच पुरी झाली! आता दुसरी. दहा दिल्यावर दुसऱ्याकडे अव्यक्त अधिक ११०, पहिल्याकडे दोन अव्यक्त उणे ११०. याची सहापट म्हणजे बारा अव्यक्त उणे ६६०. दोन्ही बाजू समान, म्हणून अकरा अव्यक्त म्हणजे ७७० आणि एक अव्यक्त म्हणजे ७०. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. कागद घेऊन ताडून पाहा. माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसालाही यात एक प्रकारचा काव्यगुण जाणवला.

अज्ञात संख्या एकाहून जास्त असल्या की त्यांना रंगांची नावे मिळतात. पहिली ‘यावत्तावत्’, मग कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना फक्त आद्याक्षरे: या, का, नी, पी, लो. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडायच्या, रंगाखाली रंग येईल अशा, आणि एखादा रंग एका बाजूला नसेल तर तिथे शून्य लिहायचे. आमच्या कार्यालयातही रिकामा रकाना चालत नाही, ‘निरंक’ लिहावे लागते. ती शिस्त इतकी जुनी असेल असे वाटले नव्हते. अव्यक्तांना ‘वर्ण’ म्हणण्याची रीत भास्कराचार्यांच्याही आधीची, ब्रह्मगुप्तांच्या ६२८ सालच्या ग्रंथात आढळणारी. चीनमध्ये तर त्याहून कितीतरी आधी तीन प्रतींच्या भाताच्या पेंढ्यांवरून अशीच समीकरणे सोडवीत. जिथे बाजार भरतो तिथे हे गणित असतेच म्हणायचे.

आता मला सर्वांत भावलेले उदाहरण. चार व्यापारी आहेत. त्यांच्याकडे अनुक्रमे घोडे ५, ३, ६, ८. उंट २, ७, ४, १. खेचरे ८, २, १, ३. आणि बैल ७, १, २, १. चौघांची मालमत्ता सारखीच. तर प्रत्येक जनावराची किंमत काय?

मोजून पाहा. अज्ञात किमती चार, पण चौघांच्या समानतेतून निघणारी समीकरणे तीनच. म्हणजे उत्तर एकच एक असणे शक्य नाही. इथे भास्कराचार्य एकेक रंग काढून टाकत शेवटच्या समीकरणापर्यंत येतात आणि कुट्टकाच्या रीतीने पूर्णांक शोधतात. घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४. प्रत्येकाची मालमत्ता ८५३ भरते. पण सगळ्या किमती दुप्पट केल्या, १७०, १५२, ६२ आणि ८, तरी अटी तशाच पाळल्या जातात. या माहितीतून कळते ते किमतींचे प्रमाण. प्रत्यक्ष भाव नाही. घोडा किती नाण्यांना विकला जातो हे या चौघांच्या मालमत्तेवरून कधीच कळणार नाही. त्यासाठी कोणीतरी एका जनावराचा भाव बाहेरून सांगायला हवा.

हे मला फार मोलाचे वाटते. आमच्याकडे येणाऱ्या फायलींत पुष्कळदा चार गोष्टी विचारलेल्या असतात आणि कागद जोडलेले असतात तिघांचेच. तरीही वरून ‘निश्चित आकडा कळवावा’ असा शेरा येतो! माहितीतून काय निघते आणि काय निघत नाही, हे साडेआठशे वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात किती स्वच्छपणे दिसते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे १११४ सालचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला आणि ‘बीजगणित’ हा त्याचाच भाग मानतात. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. पुढे त्यांचा नातू चंगदेव हा देवगिरीच्या यादव सिंघणाचा ज्योतिषी झाला आणि त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तो खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे. ही माहिती देणारा शिलालेख तिथल्या भवानीच्या देवळात आहे, आणि तो विद्वानांपुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात.

भाऊ दाजी म्हणजे पेडण्यातल्या मांद्रे गावचे. लहानपणीच मुंबईला गेले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि रोगी तपासता तपासता नाणी, ताम्रपट, पोथ्या धुंडाळत राहिले. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव दिले गेले, म्हणून मुंबईकरांना ते ठाऊक असतात. मांद्र्याच्या समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे नाव आठवते, कोण जाणे.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण शेवटी मठाच्या खर्चाची तरतूद येते तिथे भाषा मराठी होते. साहजिकच आहे. विद्वत्तेची थोरवी संस्कृतात सांगता येते, पण तेल्याला आणि वाण्याला काय द्यायचे ते त्यांच्याच बोलीत सांगावे लागते. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये हे दान दिले. पाटणच्या पेठेत जे केणे, म्हणजे विक्रीचा माल, उघडले जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राउळाला मिळणारा कर मठाला दिला. जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी-पळी तेल मठाला. घाणे किती, हा आकडा मोकळाच ठेवला आहे. पेठ वाढली तर मठाचे तेलही वाढावे अशी सोय. म्हणजे घोड्या-उंटांच्या किमती सोडवायला शिकणाऱ्या त्या विद्यार्थ्यांच्या समईत तेल पडत होते ते बाजारातल्या घाण्यांचे.

आणि आणखी एक कलम आहे. इथे जे मोजले जाईल ते मठाच्याच मापाने मोजावे. मापाईचा अर्धा वाटा मठाला, अर्धा मापाऱ्याला.