सात मिलिमीटरची गोष्ट : खांद्यावरचा धक्का आणि चिलखतावरचा आघात

एप्रिल २०२४ मध्ये डीआरडीओने देशातील सर्वांत हलके गोळीरोधक जॅकेट तयार केल्याचे जाहीर केले. जॅकेट कानपूरच्या प्रयोगशाळेचे, परंतु त्याची परीक्षा झाली चंदीगडमध्ये, ‘टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी’त. १९६१ साली आखली गेलेली आणि जानेवारी १९६८ मध्ये रीतसर उद्घाटन झालेली ही संस्था गोळीच्या प्रवासाचे शेवटचे टोक अभ्यासते : लक्ष्यावर आदळल्यानंतर पोलादाचे, मातीचे किंवा चिलखताचे काय होते? त्या प्रवासाचे पहिले टोक मात्र नेमबाजाच्या खांद्यावर असते. दोन्ही टोके एकाच नियमाने बांधलेली आहेत. खांद्याला किती सोसायला लावायचे, या प्रश्नाला भारतात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा कुमाऊंच्या जंगलातून येतो.

आधी थोडे भौतिकशास्त्र. गोळी आणि तिच्यामागून सुटणारे वायू जितका संवेग पुढे नेतात, तितकाच संवेग रायफल मागे घेते. ९.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४० मीटर वेगाने निघाली, तर तिचा संवेग सुमारे ८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. वायूंचा वाटा साधारण साडेतीन. हा वाटा अनेकजण विसरतात. दारूचे वजन गोळीच्या जेमतेम एक-तृतीयांश असले, तरी वायू गोळीहून बऱ्याच अधिक वेगाने बाहेर पडतात. साडेचार किलोची रायफल यामुळे सेकंदाला अडीच मीटरहून थोड्या अधिक वेगाने मागे येते आणि खांद्याला सुमारे १५ ज्यूल ऊर्जा पोहोचवते. गोळीजवळ असतात ३,३०० ज्यूलपेक्षा अधिक. पंधरा ज्यूल ही क्षुल्लक रक्कम वाटते, पण शरीर ती लक्षात ठेवते. पुढच्या खेपेस चाप ओढण्याआधीच स्नायू आकसतात आणि नेम चुकतो. सौम्य धक्क्याचे काडतूस निवडणे हा नाजूकपणा नव्हे; तो अचूकतेचा हिशेब आहे.

१९०७ साली भारतात या हिशेबात कायद्याने हात घातला. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलींना चालणारा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल, या भीतीने ब्रिटिश सरकारने .४५० व्यासाच्या काडतुसांची आयात थांबवली. इंग्लंडच्या बंदूक-कारागिरांनी लगोलग .४६५, .४७० अशी नवी अवजड काडतुसे घडवली. व्यास बदलला, खांद्यावरचा दणका तोच राहिला. त्याच वर्षी चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना एक वेगळीच रायफल भेट मिळाली : .२७५ रिग्बी. नाव इंग्रजी असले, तरी काडतूस १८९२ च्या जर्मन ७ मिमी माउझरचे. गोळी साधारण ९ ग्रॅमची आणि धक्का सौम्य. १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या याच काडतुसाने संपवला. तरीही कॉर्बेट वाघांसाठी .४५०/४०० ची दुनळी रायफल बाळगत, हे विसरू नये. सौम्यपणालाही मर्यादा असतात.

पुढचे वळण रसायनशास्त्राने आणले. अमेरिकेत दारू सुधारली आणि ६३ मिमी लांबीच्या पितळी पुंगळीचे काम ५१ मिमीच्या पुंगळीत जवळजवळ तसेच होऊ लागले. १९५२ साली .३०८ विंचेस्टर बाजारात आले, १९५४ साली त्याचेच लष्करी भावंड नाटोने स्वीकारले. काडतूस आखूड झाल्याने बोल्टची धाव सव्वा सेंटिमीटरने घटली आणि रायफलचा सांगाडाही आखूड करता आला. हीच ‘शॉर्ट अ‍ॅक्शन’. गंमत अशी, की रायफल हलकी झाली की त्याच काडतुसाचा धक्का वाढतो. म्हणून शिकाऱ्यांसाठी याच पुंगळीचा गळा आवळून कमी व्यासाच्या गोळ्या बसवण्यात आल्या : १९५५ मध्ये .२४३, १९८० मध्ये ७ मिमी-०८. हे दुसरे काडतूस कामगिरीत कॉर्बेट यांच्या माउझरच्या अगदी जवळ जाते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा फेरा घालून शिकारी पुन्हा सात मिलिमीटरपाशी आले.

भारतीय नागरिकासमोर मात्र ही निवड फारशी आलीच नाही. लष्करी काडतुसे त्याला निषिद्ध, त्यामुळे ईशापूरच्या.३१५ रायफलीत ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर काडतुसाचा वंशज रुजला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचा प्रश्नच मिटवला. प्रश्न उरला तो सैनिकाचा.

तिथेही सात मिलिमीटर एकदा उंबरठ्यापर्यंत आले होते. १९५१ साली ब्रिटनने ७ मिमी व्यासाची सौम्य .२८० गोळी आणि ईएम-२ रायफल स्वीकारली, पण चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाल्यावर अमेरिकेशी एकवाक्यता राखण्यासाठी ती सोडून दिली. निर्णय राजकारणाचा होता. भारतानेही ७.६२ घेतले. पुढे पुण्याच्या एआरडीईने घडवलेल्या इन्सासमध्ये ५.५६ मिमी आले : गोळी ४ ग्रॅमची, धक्क्याचा संवेग जवळपास निम्मा, म्हणून धक्क्याची ऊर्जा पाव हिश्श्याच्या आसपास. काडतुसाचे वजनही निम्मे; जवान तेवढ्याच ओझ्यात दुप्पट काडतुसे नेऊ शकतो. कारगिलमध्ये ही रायफल लढली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मात्र सैन्यासाठी ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला आणि ७.६२×५१ परतले. लंबक एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेला. मधल्या जागेवर थांबला नाही.

२०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने ६.८ मिमी काडतूस निवडले. त्याच्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास ७ मिमीहून किंचित अधिकच आहे. व्यास जुना, सौम्यपणा मात्र गेला : नळीतला दाब चौरस इंचाला ८०,००० पौंडांपर्यंत पोहोचतो, कारण समोर आता चिलखत आहे. चंदीगडमध्ये तपासलेल्या त्या जॅकेटने ७.६२×५४ च्या चिलखतभेदी गोळ्यांचे सहा आघात सोसले. अशी जॅकेटे जसजशी हलकी आणि सामान्य होतील, तसतशी ती भेदण्यासाठी लागणाऱ्या संवेगाची मागणी पुन्हा नेमबाजाच्या खांद्याकडेच येईल.