फोटोतला माणूस पुसताना

या स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करून स्कॅन करण्याचं काम समितीने माझ्याकडे दिलं. त्यात आपल्या पहिल्या सर्वसाधारण सभेचा, गच्चीवर काढलेला फोटो होता. वर बुरशीचे डाग, मधोमध घडीची रेघ आणि उजव्या कडेला बादली घेऊन उभे असलेले आपले पहिले वॉचमनकाका. फोटो पानात नीट बसेना, म्हणून मी उजवी कड कापली. तरी बादली आणि हात उरलेच. त्यावर शेजारच्या भिंतीचा तुकडा चिकटवला. पाच मिनिटांत काका नाहीसे!

खरं तर फोटोतून माणूस काढणं कॉम्प्युटरच्याही आधीचं. १९३७ सालच्या एका फोटोत मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनशेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह दिसतो. १९४० मध्ये येझोव्हला गोळी घालण्यात आली. पुढे तोच फोटो छापला, तेव्हा त्याच्या जागी नुसतं कालव्याचं पाणी होतं. ते सगळं हाताने केलेलं काम.

मग कॉम्प्युटर आला. फेब्रुवारी १९८२ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर इजिप्तचे पिरॅमिड होते. फोटो आडवा, पान उभं. म्हणून कॉम्प्युटरवर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले गेले. त्यावर बरीच टीका झाली. म्हणजे पानात बसत नाही ही अडचण माझ्या एकट्याची नव्हती!

तेव्हा अशी यंत्रं मोठ्या छपाईवाल्यांकडेच असत. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस नोल यांनी भाऊ जॉन यांच्यासोबत एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने तो 'फोटोशॉप' नावाने बाजारात आणला. त्यातला क्लोन स्टॅम्प फोटोच्या एका भागाची नक्कल दुसऱ्या भागावर उमटवतो. २००२ मध्ये आलेला हीलिंग ब्रश ही नक्कल आजूबाजूच्या रंगाशी आणि उजेडाशी जुळवून घेतो. २०१० पासून तर नको असलेला भाग निवडायचा, रिकामी जागा सॉफ्टवेअरच भरतं. डाग पुसणं आणि माणूस पुसणं यातला फरक मात्र त्याला कळत नाही. तो आपणच ठरवायचा.

मी तो ठरवलाच नव्हता. कच्ची पानं पाहताना 'ए' विंगमधल्या एक काकू म्हणाल्या, "अरे, वॉचमनकाका कुठे गेले? रात्री दोनला टँकर आला की सगळ्यांच्या बेल वाजवायला तेच तर यायचे. आणि ती बादली रे? म्हाताऱ्या माणसांचं पाणी तेच वर आणून द्यायचे."

मला हे माहीतच नव्हतं. मी तेव्हा चौथीत होतो, झोपलेला असायचो.

नशीब, मूळ स्कॅनची फाइल वेगळी ठेवली होती. ती पुन्हा उघडली आणि फक्त बुरशी आणि घडीची रेघ काढली. फोटो पानभर न राहता थोडा लहान झाला, वर-खाली पांढरी जागा राहिली. समितीने ते मान्य केलं. घरचे जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या सभासदांना एकच विनंती : मूळ स्कॅनवर कधीच काम करू नका, आधी त्याची प्रत काढा.

मधल्या पानावर तो फोटो आहे. उजव्या कडेला बघा, काका बादलीसकट उभे आहेत.