सादिलवार ते ई-निविदा : खरेदीचा अधिकार कुणाचा?

आष्टीत इतिहासावर बोलायचं म्हटलं की लोकांना खर्ड्याची लढाई आठवते. १७९५ ची लढाई, आणि तीही शेजारच्या जामखेड तालुक्यातली. पण आज मी लढाईवर बोलणार नाही. आज विषय साधा आहे, आणि रोजचा आहे. शाळेला खडू घ्यायचेत, तहसील कचेरीला कपाट घ्यायचंय, उन्हाळ्यात वस्तीवर टँकर लावायचाय. तर सरकारी पैशातून ‘घ्या’ असं म्हणायचा अधिकार कुणाचा? तो त्याला कुणी दिला? आणि किती रुपयांपर्यंत दिला?

एका शब्दापासून सुरुवात करू. इथे जिल्हा परिषदेचे शिक्षक बसले असतील तर त्यांना ‘सादिल’ हा शब्द नवा नाही. शाळेच्या किरकोळ खर्चाची रक्कम म्हणजे सादिल. कार्यालयात त्यालाच सादिलवार खर्च म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी-फारसी, ‘सादिर’ आणि ‘वारिद’, म्हणजे जाणारे आणि येणारे. आल्यागेल्याचा, वेळप्रसंगाचा खर्च, असा त्याचा अर्थ मराठी दफ्तरांत रुळला. म्हणजे मोठा खर्च हुजुरातून मंजूर व्हायचा, पण दिवा-बत्ती, कागद-शाई अशा गोष्टींसाठी खालच्या अंमलदाराच्या हातात थोडी मोकळीक ठेवावी लागते, हे शहाणपण आपल्याकडे जुनं आहे. सोपवलेल्या अधिकाराचं बीज या एका शब्दात आहे.

आता आष्टीकडे येऊ. आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि पलीकडे अहमदनगर जिल्हा इंग्रजांच्या. सीमा एक, पण कारभार दोन.

निजामाच्या राज्यात १८५३ साली सालारजंग दिवाण झाले. त्याआधी जिल्हेच्या जिल्हे इजाऱ्याने दिलेले असत. वसुली करणारा आपला खर्च वसुलीतूनच कापून घ्यायचा. वसूल करणारा तोच, खर्च करणारा तोच, हिशेब सांगणाराही तोच! सालारजंगांनी पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. वसुलीचा पैसा आधी खजिन्यात, मग मंजुरीने बाहेर, ही शिस्त तेव्हापासून लागत गेली.

इंग्रजी बाजूला अडचण नेमकी उलट होती. १८३३ च्या सनदी कायद्याने सगळी आर्थिक सूत्रं गव्हर्नर जनरलकडे गेली. मुंबई सरकारला नवं पद निर्माण करायचं झालं तरी त्यांची मंजुरी लागायची. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांनी पोलीस, तुरुंग, शिक्षण अशी काही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवली. इकडे खालच्या माणसाला नको इतकी मोकळीक होती, तिकडे वरच्याशिवाय पान हलत नव्हतं. पुढचा दीडशे वर्षांचा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे खाणारा आहे.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. जरा विचार करा, त्या काळात नोकरीत असलेल्या आपल्याकडच्या एखाद्या कारकुनाने बारा वर्षांत चार राजवटी पाहिल्या. दर वेळी सही कुणाची चालते हे नव्याने शिकायचं!

मुंबई राज्याने १९५९ मध्ये मुंबई वित्तीय नियम केले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्यांच्यासाठी १९६८ ची लेखासंहिता आली. आणि कुठल्या अधिकाऱ्याने किती रकमेपर्यंत खर्च मंजूर करायचा याचे तक्ते असलेली वित्तीय अधिकार नियमपुस्तिका १९७८ ची. या पुस्तकांमधली मुख्य तत्त्वं तीन-चारच आहेत आणि ती कुणालाही समजण्यासारखी आहेत.

एक, सरकारी पैसा असा खर्च करा, जसा शहाणा माणूस स्वतःचा करतो. दोन, स्वतःच्याच फायद्याचा खर्च स्वतः मंजूर करू नका. तीन, मर्यादा चुकवण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडू नका. मर्यादा तीन लाखांची आणि गरज दहा लाखांची, म्हणून अडीच-अडीच लाखांची चार बिलं करणं म्हणजे नियम पाळणं नव्हे, ते नियमाला फसवणं झालं. आणि चौथं, अधिकार सोपवला म्हणून सोपवणारा मोकळा होत नाही. देखरेखीची जबाबदारी त्याच्याकडे राहतेच.

‘सही कुणाची आहे, एवढं काय त्याचं?’ असं कुणी म्हणेल. त्याला एक निकाल सांगतो. भिकराज जयपुरिया विरुद्ध भारत सरकार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ईस्ट इंडियन रेल्वेच्या एका विभागीय अधीक्षकाने धान्य खरेदीच्या ऑर्डरी दिल्या. पुढे रेल्वेने उरलेला माल घ्यायला नकार दिला. व्यापारी नुकसानभरपाईसाठी कोर्टात गेला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९३५ च्या कायद्याने ठरवलेल्या रीतीने, अधिकृत माणसाने हा करार केलेलाच नाही, म्हणून तो सरकारवर बंधनकारक नाही. आज तीच अट संविधानाच्या अनुच्छेद २९९ मध्ये आहे. म्हणजे अधिकाराबाहेरची सही फक्त अधिकाऱ्याला अडचणीत आणत नाही, समोरचा दुकानदारही बुडतो. तालुक्याच्या गावात सरकारी कार्यालयाला माल देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता दुसरी बाजू. नियम इतके कडक करा की कुणी खाऊच शकणार नाही, हे ऐकायला बरं वाटतं. पण आपला तालुका दुष्काळी आहे, आपल्याला उशिराची किंमत माहीत आहे. १९७२-७३ चा दुष्काळ आठवा. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख मजूर होते. खडी फोडणारे, नालाबांध घालणारे. इतक्या माणसांच्या कामाची, हत्यारांची, सुकडीची प्रत्येक मंजुरी मुंबईहून आणायची ठरवली असती तर काय झालं असतं? अधिकार खाली द्यावेच लागतात. टँकरचंही तेच. मंजुरी मुळात जिल्हाधिकाऱ्यांची. पण टंचाई वाढली की तो अधिकार प्रांत किंवा तहसीलदारांकडे सोपवला जातो, कारण फाईल बीडला जाऊन परत येईपर्यंत हंडा रिकामाच राहतो.

आणि अधिकार खाली आला की गळतीची वाटही उघडते, हेही आपण पाहिलंय. चारा छावण्यांत दाव्याला जनावरं किती आणि कागदावर किती, ही चर्चा या जिल्ह्याला नवी नाही. म्हणून २०१९ च्या छावण्यांत बारकोड लावून जनावरांची हजेरी घेण्यापर्यंत गोष्ट गेली.

मंत्रालयातही असंच घडलं. २०१५ मध्ये महिला व बालविकास विभागाच्या २०६ कोटींच्या खरेदीवरून मोठा वाद झाला. ई-निविदा न काढता दरकरारावर, एकाच दिवशी चोवीस शासन निर्णय काढून खरेदी केली, असा आरोप होता. तत्कालीन मंत्र्यांनी तो नाकारला, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने क्लीन चिट दिली, आणि विषय उच्च न्यायालयातही गेला. कोण बरोबर, यात मी शिरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला दिसतं ते असं की वादानंतर नियम बदलतात. त्याच वर्षी राज्याने खरेदीची नवी कार्यपद्धती आणली आणि १ डिसेंबर २०१६ ला सुधारित नियमपुस्तिका काढली. तीन लाखांपर्यंत दरपत्रकं मागवा, त्यावर ई-निविदा, असा तिचा ढाचा होता. २०१७ पासून केंद्राच्या ‘जेम’ या ऑनलाइन बाजारातूनही राज्याची खरेदी सुरू झाली.

हा विहिरीवरचा रहाट आहे बघा. दुष्काळ आला की अधिकार खाली येतो, घोटाळ्याची चर्चा झाली की वर जातो. एका पोहऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. मग सामान्य माणसाने काय करायचं? माझं मत असं की अधिकार खालीच असावा, पण त्याचा हिशेबही खालीच, गावासमोर मांडला जावा. वर्षानुवर्षांनी येणारं लेखापरीक्षण कागद पाहतं, टँकर खरंच आला होता का हे वस्तीला माहीत असतं. २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी एखादं बिल समोर आलं तर रकमेवर थांबू नका. मंजुरी कुणाची, कोणत्या अधिकारात, आणि त्याच महिन्यात त्याच वस्तूची आणखी किती बिलं आहेत, हे तीन प्रश्न विचारा.

सालारजंगांच्या आधी वसूल करणारा, खर्च करणारा आणि हिशेब सांगणारा एकच होता. ते तिघं वेगळे करायला फार वर्षं गेली. ते पुन्हा एक होऊ नयेत, एवढं तरी आपण पाहू शकतो.